डाव्या हाताची कात्री

दार लोटून घ्या आणि तो टीव्ही बंद करा. भुताखेतांवर माझा विश्वास नाही हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी ‘काकांचं वय झालं’ म्हणायला नको. ही गोष्ट माझ्या मामेभावाच्या घरातली. तो माझ्याहून मोठा म्हणून दादा, आणि त्याची बायको ती वहिनी. मला हे वहिनीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. दादाला यातलं अर्धंसुद्धा माहीत नाही. तारीख चौदा नोव्हेंबर, वार गुरुवार.

दादाचं फुलांचं दुकान. पुढे दुकान, मागे कामाची खोली, वर राहायची जागा. हार-गुच्छ काय, सगळेच करतात. दादाचं काम वेगळं होतं. माणूस गेला की त्याच्या कामाची किंवा आवडीची वस्तू फुलांत घडवून द्यायची, शेवटच्या निरोपाला ठेवायला. ड्रायव्हर गेला की स्टीअरिंग, हेडमास्तर गेले की शाळेची घंटा. एका आजोबांसाठी पोपट केला तर घरच्यांना ते बदक वाटलं, आणि रडता रडता हसले बिचारे. तेव्हापासून दादानं मापाचा असा काही धसका घेतला की विचारू नका. गळ्यात कायम टेप. लांबी, रुंदी, उंची घरच्यांना तीन तीनदा विचारणार, फोटो मागणार, शक्य असलं तर जाऊन वस्तू मोजून येणार. लोक त्याला टेपदादाच म्हणायचे. वहिनी म्हणायची, “मला बघायला आले तेव्हासुद्धा ह्यांनी आधी आमच्या दाराची उंची बघितली.”

तर त्या गुरुवारी दुपारी वहिनी फुलबाजारात शेवंती आणायला गेली होती. तिथं दादाचा फोन आला.

“शेवंती घेतलीस ना? आता दीडशे पांढरे गुलाब पण घे. घट्ट कळीचे.”

“गुलाब? अहो, कोण राजा गेला?”

“घे म्हटलं ना.”

फोन बंद. वहिनी जरा चक्रावली. या कामात दादा गुलाबाला हात लावत नसे. शेवंती दोन दिवस तग धरते, पण गुलाब नखरेल. पाणी जरा कमी पडलं की सकाळपर्यंत मान टाकतो. पण नवऱ्यानं सांगितलं, तिनं घेतले.

परत आली तर दादा कामाच्या खोलीत जमिनीवर कागद पसरून चित्र काढत होता. मोठी, उघडलेली कात्री. पलीकडच्या गल्लीतली टेलरबाई सकाळी गेली, तिचा भाऊ सांगून गेला होता. बाई एकटी राहायची, लग्न केलेलं नव्हतं. वहिनीनं तिला आयुष्यात तीन-चारदा पाहिलं असेल. “दिसायला काही खास नव्हती,” असं वहिनी मला म्हणाली. दोनदा म्हणाली.

वहिनीनं चित्राकडे पाहिलं आणि तिला ते खटकलं. दिवसभर देठं कापणारी बाई ती, कात्री तिला डोळे मिटून कळते. नेहमीची कात्री टोकं पुढे करून समोर धरा, उजवीकडचं पातं वर असतं. दादानं डावीकडचं वर काढलं होतं.

“अहो, उलटी काढलीत.”

“बरोबर आहे ती.” त्यानं मान वर केली नाही.

डावखुऱ्यांसाठी वेगळी कात्री मिळते, तिची पाती अशीच उलटी असतात, हे वहिनीला ठाऊक होतं. आणि मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. टेप खिळ्याला लटकत होती. दादानं काही मोजलंच नव्हतं. मुठीचा आकार, पात्याचा उतार, मधला स्क्रू... सगळं हातातून आपोआप उतरत होतं.

शंकेची पाल चुकचुकली ती तिथं. तरी तिनं मनाशी म्हटलं, भावानं सांगितलं असेल. सात वाजता तो भाऊ रिबिनीवर काय लिहायचं ते द्यायला आला. दादा तेव्हा वर चहा घेत होता. वहिनीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “ताई डावखुऱ्या होत्या, हे तुम्ही ह्यांना सांगितलंत ना?”

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. “नाही हो. मी नुसतं कात्री म्हणालो. पण होती खरी ती डावखुरी. तुम्हाला कसं कळलं?”

झालं! तळपायाची आग मस्तकात गेली. चोवीस वर्षांचा संसार, आणि या चोवीस वर्षांत दादानं तिला त्या बाईकडे एक कपडा शिवायला टाकू दिला नव्हता. “ती वेळेवर देत नाही,” म्हणायचा. ह्यांना काय माहीत, ती वेळेवर देते की नाही? वहिनीच्या डोळ्यांपुढे सगळं फिरायला लागलं. तो कधी उशिरा आला, कधी विचारात बसला, कधी जेवता जेवता हात थांबला. आपल्या लग्नातल्या साडीचा रंग ज्या माणसाला सांगता येत नाही, त्याला दुसरीच्या कात्रीचा स्क्रू आठवतो! जिवंत सवतीच्या झिंज्या तरी धरता येतात. मेलेलीशी भांडायचं कसं?

आता जरा कामातलं समजून घ्या. ही फुलं हिरव्या फोममध्ये खोचतात. विटेसारखे ठोकळे असतात, हलके. ते पाण्याच्या टबात नुसते सोडायचे, हात लावायचा नाही. ते आपोआप पाणी पीत पीत खाली बसतात. घाईनं दाबून बुडवले तर हवा आत कोंडते. ठोकळा बाहेरून ओलाचिंब दिसतो आणि पोटात कोरडा राहतो. त्यात खोचलेल्या फुलाला पाणी मिळत नाही. कामाला आलेल्या नव्या मुलींना वहिनी हेच पहिल्या दिवशी शिकवायची. चुकलं तर हातावर फटका.

रात्री साडेनऊला दादाची पाठ धरली. वहिनी म्हणाली, “तुम्ही वर जाऊन पडा. फोम मी भिजवते, फुलंही मी लावते.” गोड आवाजात म्हणाली. दादा आकार काढलेली फळी टेबलावर ठेवून गेला आणि होत्या कपड्यांनिशी आडवा झाला.

वहिनीनं मुठीचे ठोकळे नीट सोडले. मग पात्यांचे चार घेतले आणि दोन्ही तळहातांनी दाबून धरले. पार तळाशी. बुडबुडे यायला लागले तसे वर काढले.

पात्यांत गुलाब जायचे होते. सकाळी नऊला लोक निरोपाला जमतील तेव्हा दीडशे गुलाब माना टाकून पडलेले असतील. दादा सगळ्यांसमोर तोंडघशी पडेल, दुकानाचं नाव जाईल, आपल्याच पायावर धोंडा पडेल, हे सगळं तिला दिसत होतं. “त्या वेळी मला तेच हवं होतं,” वहिनी म्हणाली. “तिला त्यांच्या हातचं एक फूलसुद्धा ताजं मिळायला नको होतं.”

अकरा वाजून गेले. ती फुलं खोचत बसली. आधी मूठ, शेवंतीची, घट्ट. मग पाती. शटर खाली ओढलेलं, रस्ता शांत, डोक्यावर एक ट्यूबलाइट. शेवटचा गुलाब लावून तिनं घड्याळ पाहिलं. एक वाजून चाळीस मिनिटं. छान झाली होती कात्री. तिच्या मनाविरुद्ध छान झाली होती.

ती हात धुवायला उठली, आणि मागे आवाज आला.

बुड.

ती थांबली.

बुड... बुड.

टबातून असेल म्हणून तिनं पाहिलं. टब रिकामा होता, तिनंच मघाशी ओतून दिला होता. आवाज टेबलावरून येत होता. कात्रीतून. फोम पाणी पितो तेव्हा येतो ना, अगदी तोच. कोंडलेली हवा सुटत होती. वरच्या पात्यातून. मग खालच्या.

मग टेबलाच्या कडेवरून पाणी ठिबकायला लागलं.

तिनं एक गुलाब उपटला. देठाचं टोक ओलं. दुसरा उपटला. ओला. भोकात बोट घातलं. आतपर्यंत ओलं... आणि थंड. इतकं थंड पाणी त्या नळाला कधी येत नाही.

दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. वहिनीला घाम फुटला होता, पण भीतीच्या वर राग होता. तो संध्याकाळपासूनचा. ती त्या फुलांकडे बघून मोठ्यानं बोलली.

“फुलं घे तुझी. घे. पण माणूस माझा आहे.”

बुडबुडे थांबले.

ठिबकणं थांबलं.

बराच वेळ काही नाही...

मग जिना वाजला. एक पायरी.

जिना तिच्या समोरच होता. उजेडात. त्यावर कुणी नव्हतं.

दुसरी पायरी. सावकाश. एखादी बाई दमून चढते तशी. तिसरी. चौथी. वर... वर, जिथं दादा झोपला होता.

वहिनी जिन्याकडे बघत जागेवरच उभी राहिली. हातात दोन गुलाब तसेच.

वर दार कुरकुरलं नाही. कुणी बोललं नाही. काहीच नाही. किती वेळ, सांगता येत नाही. आणि मग एक बारीकसा आवाज... टच्. दातानं काहीतरी तोडल्यासारखा.

पुन्हा शांत.

उतरताना पायरी वाजली नाही.

मग ती तीन तीन पायऱ्या घेत वर पळाली. दादा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. तिनं नाकाशी बोट धरलं. श्वास होता. अंगाला हात लावला, ऊब होती. घड्याळात दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. ती त्याच्या पाठीशी टेकून, हातात त्याचं मनगट धरून उजाडेपर्यंत बसून राहिली. खाली एकदाच गेली, पहाटे, ते दोन गुलाब परत लावायला.

सकाळी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून दादा निघाला. वहिनीही गेली. नऊ वाजता गुलाब असे टवटवीत होते की जणू झाडावरच आहेत. टेलरबाईच्या भावानं कात्री पाहिली आणि हुंदका आवरेना त्याला. “तिचीच आहे हो,” म्हणाला, “तिच्या हातातली.” दादा मागे, गर्दीच्या कडेला उभा राहिला. पुढे होऊन त्यानं चेहरा पाहिला नाही. वहिनी मात्र त्याचाच चेहरा बघत होती.

परत येताना तिनं विचारलं. सरळ विचारलं. “डावखुरी होती, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

दादा चालत राहिला.

“आपलं लग्न व्हायच्या आधी एकदा शर्ट शिवायला टाकला होता. तिनं माझ्यासमोर कापड कापलं. डाव्या हातानं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग काय झालं?”

“मग काय... शर्ट झाला. घेऊन आलो.” दोन पावलं गेल्यावर म्हणाला, “विचारलं होतं मी तिला. ती नाही म्हणाली.”

म्हणजे त्याचं मन होतं, तिचंच नव्हतं. वहिनीला वाटलं, आता आपल्याला बरं वाटायला हवं. वाटलं नाही. उलट जास्त लागलं. तिला तो नको होता, आणि आपल्याला मिळाला तो तिनं नको म्हटलेला! पण मग रात्री जिना चढून वर कोण गेलं होतं, आणि कशाला?

घरी आल्यावर ती कपडे धुवायला बसली. बादलीत दादाचा कालचा शर्ट होता, रात्री अंगावर घालून झोपला होता तो. निळा, रोजचा. त्याचं वरून दुसरं बटण, छातीवरचं, तीन आठवड्यांपूर्वी तुटून कुठंतरी पडलं होतं. दादानं दोनदा सांगितलं होतं, तिनं दोनदा ‘उद्या लावते’ म्हटलं होतं. तिनं साबण लावायला शर्ट पसरला.

सगळी बटणं जागच्या जागी होती.

तिनं मोजली. पुन्हा मोजली. दुसरं बटण इतरांसारखंच, तोच रंग, तोच आकार. दोरा घट्ट, बारीक, मागे गाठ शोधून सापडत नव्हती. इतकं सफाईचं काम वहिनीच्या हातून जन्मात झालं नसतं, आणि तसं ती स्वतःच म्हणते.

दादा तेवढ्यात पाणी प्यायला आत आला. तिच्या हातातल्या शर्टाकडे पाहून थांबला. बटणावर बोट ठेवलं. चेहऱ्यावर असं काही आलं, जे वहिनीनं चोवीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

“हे... कुणी लावलं?”

वहिनीनं त्याच्या डोळ्यांत डोळे घातले.

“मी,” ती म्हणाली. “मीच लावलं. काल रात्री. तुम्ही झोपला होतात.”

दादानं बटणावरचं बोट काढलं. मग “बरं” म्हणाला आणि बाहेर गेला.

त्या दिवसापासून तो शर्ट ती कुणाला धुऊ देत नाही. कॉलर फाटली, बाह्या विरल्या, बाकीची बटणं दोनदा बदलून झाली. ते एक तसंच आहे. तिनं कात्री लावून पाहिली, ब्लेडनं पाहिलं. मागच्या उन्हाळ्यात तिनं मला शर्ट आणून दाखवला आणि म्हणाली, “भाऊजी, बघा तुम्हाला जमतं का.”

मी पकड लावून ओढलं. कापड फाटलं. दोरा नाही तुटला.