काजळ लावलेला पेला

बाहेर उणे दीडशे अंश तापमान होते आणि आत आमची नाचणी उकाड्याने माना टाकत होती.

चंद्राच्या दक्षिण टोकावरील या वस्तीत मी उष्णतेची अभियंता म्हणून आले आणि पुढे वस्तीचा सगळा कारभारच माझ्या गळ्यात पडला. येथे लहानथोर मला माई म्हणतात आणि माझा शब्द सहसा मोडत नाहीत. मला चकित करील असे आता काही उरले नसेल, अशी माझी समजूत होती. त्या सकाळी ती खोटी ठरली, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा शीणच आला.

नाचणी जगणे आवश्यक होते. पृथ्वीवरून पाहणी समिती येणार होती. नाचणीला कणसे धरलेली दिसली तर वस्ती राहणार होती. नाही तर सर्वांना परत नेले जाणार होते. माझी नात दुर्वा याच वस्तीत जन्मली. परत जायचे म्हणजे कोठे, असे तिने मला विचारले होते आणि मी तिला अभ्यासाला बसायला सांगितले होते.

अंकुरघरात शिरताच घाम फुटला. रोपांवरचे दिवे उष्णता देतात. ती उष्णता नळ्यांतले पाणी उचलते, भिंतीपलीकडच्या, कायम सावलीत असलेल्या मोठ्या पत्र्यापर्यंत नेते आणि थंड होऊन परत येते. पंप बिघडला असावा असे समजून मी तो उघडला. गुडघे कुरकुरत होते. पंप ठणठणीत होता. परतीच्या नळीवर हात ठेवला, तर ती जाणाऱ्या नळीइतकीच गरम लागली. म्हणजे पाणी पत्र्यापर्यंत जाऊन उष्णतेचे ओझे तसेच पाठीवर घेऊन परत येत होते.

दुर्वा दारात उभी होती. तिच्या मागे घंगाळ उभा होता. घंगाळ हा आमचा घरकाम करणारा यंत्रमानव. त्याचे गोल पोट पाहून हे नाव मीच ठेवले.

“माई, तो पत्रा मी घासून घेतला,” ती म्हणाली.

पाहुणे यायचे म्हणून वस्तीत कळकट काही दिसता कामा नये, असा माझा हुकूम होता. माझ्या स्वयंपाकघरात भांड्यात तोंड दिसले पाहिजे, हे तिला ठाऊक. खिडकीतून तिला तो काळा पत्रा दिसला आणि तिने घंगाळकडून त्यावरचा काळा थर पार खरवडून काढला. पत्रा आता आरशासारखा झाला होता.

घंगाळला मी जाब विचारला, तर तो शांतपणे म्हणाला, “डाग जुना होता, माई. जोर लावावा लागला.”

रागवायलाही अंगात त्राण लागते. मी स्टुलावर बसले. हुकूम माझा होता आणि त्यात पत्र्याचा अपवाद मी सांगितला नव्हता.

पण दुर्वेला कोडे उलगडत नव्हते. बाहेर एवढी थंडी असताना उष्णता पत्र्यातून बाहेर का जात नाही? काळा असो की चकचकीत, पत्रा तो पत्राच.

मी तिला सांगितले, की उष्णता नेहमी गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. पण जायला तिला वाट हवी, आणि वाटा तीनच आहेत. पहिली वहन (पदार्थातल्या एका कणाने शेजारच्या कणाला उष्णता देणे). तवा तापला की कडेची मूठही तापते, ती अशी. दुसरी अभिसरण (तापलेले पाणी किंवा हवा स्वतःच हलून उष्णता सोबत नेणे). आमच्या नळ्यांतले पाणी हेच करते, फक्त त्याला पंप ढकलतो. तिसरी प्रारण (कोणत्याही माध्यमाशिवाय, किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर पडणे).

“पत्र्याच्या बाहेर काय आहे?” मी विचारले.

“काहीच नाही. हवासुद्धा नाही.”

“मग शेजारी कण नाही आणि वाहून न्यायला वाराही नाही. पहिल्या दोन वाटा बंद. उरली कोणती?”

“प्रारण,” ती म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर काही उजळले नाही. मी तिला शेकोटीचा दाखला दिला, की समोर बसले तर तोंड भाजते आणि पाठ गार राहते. तिने नम्रपणे सांगितले, की तिने शेकोटी पाहिलेली नाही. खरेच होते ते. येथे कोणी काडीसुद्धा ओढत नाही.

तेव्हा मी उठले. दोन सारखे स्टीलचे पेले घेतले. माझ्या पेटीत काजळाची डबी होती. ती उघडून एका पेल्याला बाहेरून काजळाचा पातळ थर दिला. घंगाळ अस्वस्थ होऊन फडके घेऊन पुढे आला. त्याला मी मागे उभे केले. दोन्ही पेल्यांत सारखेच कढत पाणी ओतले आणि दुर्वेला डोळे मिटून, न शिवता, दोन्हींच्या बाजूला एकेक तळहात धरायला लावले.

तिने दोन्ही तळहात किंचित पुढेमागे करून पाहिले.

“डावीकडून ऊब येते आहे. उजवीकडे जवळजवळ काहीच नाही.” तिने डोळे उघडले. डाव्या हाताशी काजळाचा पेला होता. “म्हणजे लख्ख पेला आपली ऊब सोडतच नाही?”

“फार थोडी सोडतो. चकचकीत धातू किरण बाहेर टाकण्यात कंजूष असतो. काळा, खरबरीत थर उदार असतो.”

तिने खिडकीतून त्या आरशासारख्या पत्र्याकडे पाहिले. तिचा चेहरा उतरला, आणि मग तिने स्वतःच विचारले, की एवढ्या मोठ्या पत्र्याला पुरेल एवढे काजळ कोठून आणायचे.

काजळ नव्हते आणि काळा रंगही शिल्लक नव्हता. पण चंद्राची धूळ होती. येथे आल्यापासून जिच्याविरुद्ध मी झाडू चालवला, ती करडी, बारीक, चिवट धूळ. ती काळीभोर नसली तरी किरण सोडण्यात काजळाहून फारशी मागे नाही. भेगा बुजवायच्या चिकट लेपात ती कालवावी, असे दुर्वेने सुचवले. मी होकार दिला. फक्त थर पातळ द्यायला बजावले. जाड थरातून उष्णता सावकाश जाते, आणि मग लेपाचेच पांघरूण होते.

घंगाळ बाहेर गेला. दुर्वा खिडकीशी उभी राहून त्याला कोपरे दाखवत होती. मी तापमापकासमोर बसून राहिले. आकडा बराच वेळ हलला नाही. मग एका अंशाने उतरला, आणि थोड्या वेळाने आणखी एका. संध्याकाळच्या जेवणापर्यंत परतीची नळी हाताला गार लागू लागली. काही रोपे गेली. बाकीच्यांनी दोन दिवसांत माना वर केल्या.

समिती आली तेव्हा कणसांनी मुठी वळायला सुरुवात केली होती. समितीच्या प्रमुख बाईंनी नाचणी पाहिली, मग खिडकीबाहेर पाहिले आणि एवढ्या टापटिपीच्या वस्तीत तो पत्रा तेवढा असा शेणाने सारवल्यासारखा का, असे विचारले. दुर्वेने कढत पाणी भरलेले तेच दोन पेले त्यांच्यापुढे ठेवले आणि डोळे मिटून बाजूला तळहात धरायला सांगितले.

वस्ती राहिली.

त्या संध्याकाळी दुर्वा माझ्याजवळ येऊन बसली. पत्र्यातून जाणारी ऊब पुढे कोठे जाते, असे तिने विचारले. अंधारात, मी म्हणाले, जात राहते.

“मग ती फुकट का घालवायची, माई? आपल्या निजायच्या खोल्या किती गार असतात.”

“ते तू शोधून काढ. मला आता निजू दे.”

ती कागद आणायला पळाली. घंगाळ भांडी आवरत होता. काजळ लावलेला पेला त्याने उचलला आणि घासणी हातात घेतली.

“तो तसाच राहू दे,” मी म्हणाले.

घंगाळ क्षणभर थबकला. मग त्याने तो काळा पेला फळीवर, लख्ख पेल्यांच्या रांगेत, सर्वांच्या पुढे ठेवला.