दाराबाहेरचे बूट

आईशप्पथ, खरी गोष्ट आहे ही. म्हणजे संकेतने सांगितली तेवढी खरी, आणि संकेत तसा बरा मुलगा आहे.

साताऱ्याहून नोकरीसाठी चेन्नईला आलेला. दोन हजार पाचची गोष्ट. जुन्या इमारती पाडणाऱ्या एका कंपनीत होता, अजून कायम व्हायचा होता. त्या दुपारचं काम सोपं. माउंट रोडच्या मागे व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, कधीतरी आगीत गेलेलं हॉटेल. फिरून बघायचं आणि साहेबांना सांगायचं, आत कोणी नाही. की मशीन चालू. सोबत ऑफिसातली कनका, तंजावरकडची मराठी.

जिना चढून दोघं वर गेले. नाचघराचं छत केव्हाच कोसळलेलं. काळ्यापांढऱ्या फरशीवर पाणी साचलेलं आणि त्यात अख्खं आभाळ उतरलेलं.  संकेतने नकळत बूट काढून दाराबाहेर ठेवले आणि अनवाणी आत गेला.

"अय्यो, देऊळ काय रे हे?" कनका हसली. चपला घालूनच त्याच्या मागे आली.

रस्त्यावरचे हॉर्न बंद झाले. कुठेतरी ब्रश फिरत होता... खस्... खस्... आणि मेणाचा वास.

बाहेर आले तर संकेतचे बूट लखलखत होते. तोंड दिसावं इतके.

"कनका, तू...?"

"मी तुझ्याबरोबरच होते की." तिचा आवाज बारीक झाला. "आजोबा सांगायचे... साहेब लोक रात्री बूट दाराबाहेर ठेवायचे. हॉटेलवाले पॉलिश करायचे. बूट बाहेर, म्हणजे माणूस मुक्कामाला."

संकेतने मान वर केली. लांबलचक व्हरांडा. ओळीने बंद दारं. दारांमागच्या खोल्या जळून गेलेल्या, फटींतून नुसतं ऊन. आणि प्रत्येक दाराशी एक चकचकीत जोड. काही अगदी लहान मुलांचे.

साहेबांचा फोन आला. "रिकामं आहे ना रे?"

हो म्हटलं की नोकरी पक्की. त्याने तोंड उघडलं. जवळच्या दारामागे कोणीतरी हळूच खोकलं...

"नाही साहेब. सगळ्या खोल्या भरल्यात."

संध्याकाळी नोकरी गेली. हॉटेल पुढच्या महिन्यात पाडलं, दुसऱ्या कोणीतरी हो म्हटल्यावर.

पाडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वेलचेरी भागातल्या संकेतच्या खोलीच्या दाराबाहेर ही गर्दी! जिन्यापर्यंत जोडच जोड. तो राहतो एकटाच.

हसतोस काय? काढ वर्गणी. एवढ्या बुटांना पॉलिशच्या डब्या रोज लागतात, आणि लावतं कोण ते अजून कळलेलं नाही.