बोरठाण्याचं पाणी कोण देतं

पाटाची फळी उचलताना भागीने खाली पाहिलं नाही, ही तिची चूक. आणि कोरडी चारी म्हणजे आपल्यासाठीच अंथरलेली बैठक, असं समजून त्या गृहस्थाने उसाच्या सावलीत ऐसपैस कागद मांडले, ही त्याची. दोघांच्या चुका एकत्र झाल्या आणि पांझरेचं पाणी खळखळत आलं ते थेट त्याच्या मांडीवर.

"ओ माय! मना कागद गयात!"

काळा कोट घातलेला माणूस चक्क अहिराणीत ओरडतोय, हे ऐकून भागीला हसू आवरेना. फावडं टाकून ती चारीत उतरली आणि वाहत चाललेले कागद वेचू लागली.

"हसता काय? तीन आठवड्यांचं काम होतं हे!" तो आता सावरून शुद्ध बोलू लागला.

"बुडनात तवय तर आपली बोली निंघनी!" ती म्हणाली. "सुकावर शुद्ध बोलतस का तुम्ही?"

तो चिडायच्या बेतात होता. पण तिच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं, आणि ती त्याचे कागद पोटच्या पोरासारखे छातीशी धरून उभी होती... राग कुठल्या कुठे गेला.

त्याचं नाव झुलाल. मूळचा अमळनेरकडचा शेतकऱ्याचा पोर, आता धुळ्यात मास्तर. साल एकोणतीसचं. चौथीच्या मुलांसाठी पश्चिम खानदेशचा भूगोल लिहिला जात होता, आणि साक्री तालुक्यातल्या नद्या, जमिनी, पिकं, बाजार नि माणसं गोळा करून आणायचं काम त्याच्याकडे आलं होतं. ते सगळं आता निळे डाग होऊन कागदावर पसरलं होतं.

भागीने एकेक कागद बांधावर सुकत घातला, प्रत्येकावर खडा ठेवला.

"मी भिजाडं, मीच सुकाडसू," ती म्हणाली. "नी जे पुसाई गयं, ते सांगसू बी."

तेव्हापासून रोज सकाळी पुढे फावडं आणि मागे पेन्सिल अशी दोघांची वरात निघू लागली. ती बोलायची, तो लिहायचा. वर पिंपळनेरच्या पलीकडे डोंगर, तिथे कोकणी नि भिल्ल नागली पिकवतात, आणि बाजाराच्या दिवशी मोहाची फुलं घेऊन खाली उतरतात. खाली काळी जमीन, तिथे ज्वारी-कपाशी आणि आभाळाचा भरवसा. मधल्या या बोरठाण्याच्या पट्ट्यात मात्र बंधाऱ्याचं पाणी. गावाच्या बागायतीचे चार भाग, म्हणजे चार फड, प्रत्येकाचा तुकडा चारही फडांत, आणि एका फडात सगळ्यांचं पीक एकच.

"एखाद्याला उसाच्या फडात हरभरा पेरावासा वाटला तर?" त्याने विचारलं.

"तेना हरभरा उसनं पानी पीसन मरी जाई. आठे एकलानं मन चालत नही, मास्तर."

"एकट्याचं मन... कुठेच चालत नाही," तो हळूच म्हणाला. भागीने ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवून ती भराभर चालू लागली. पोरगी चतुर होती.

पाचव्या दिवशी त्याने विचारलं, "आणि पाणी कोण देतं?"

ती थबकली. "अभिमन पाटकरी. मना बाप."

झुलालने अभिमन आबांना आदल्याच दिवशी पाहिलं होतं. बंधाऱ्यावरून पडल्यापासून दोन वर्षं खाटेवर होते, गुडघा वाकत नव्हता. त्याची नजर भागीच्या खांद्यावरल्या फावड्यावर गेली, मग पोटरीपर्यंत माखलेल्या पायांवर.

"मग हा चिखल कोणाच्या पायांना?"

भागीचा चेहरा उतरला. "मास्तर, हाई लिखू नका. पंचेसले बठ्ठं माहीत शे, पन डोयावर कातडं ओढी लिधं शे त्यासनी. पाडवाले नवा वरीसना पाटकरी नेमतस. सरकारी कागदवर आंडेरनं, पोरनं नाव चढनं, तर त्यासले दुसरा माणूस नेमनाच पडी. झाकी मूठ सव्वा लाखनी."

पाटाचं पाणी कुठे फुटतंय हे तिला आवाजावरून कळायचं. फावडं खांद्यावर टाकून फिरणारी पोरगी सून म्हणून नको, असं म्हणत दोन पाव्हणे परतले होते, त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं. पाट हातचा गेला तर मात्र तिला जगणं नकोसं झालं असतं.

"मी जे पाहतो ते लिहितो, भागाबाई. पोरं ते पाठ करणार आहेत."

"मंग मनाकडे पाहू नका."

"ते..." तो वहीकडे बघत म्हणाला, "ते आता जमेलसं वाटत नाही."

भागीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या दिवशी एका वाफ्याला तिने दुप्पट पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "नाही लिहिणार. शब्द देतो." तिने सुटकेचा श्वास टाकला खरा, पण तो दिवसभर एकदाही हसला नाही, आणि तिलाही काही गोड लागेना.

पाडव्याला मारुतीच्या पारावर पंच बसले. अभिमन आबांना खाटेसकट उचलून आणलं होतं. पंचांतले वडील तोताराम नाना म्हणाले, "पहिले मास्तरनी आमना गावनं काय लिखं, ते ऐकू द्या. मंग पाटकरी नेमू."

झुलाल वाचू लागला. नदी आली, फड आले, ऊस आला. लोक खुशीत माना डोलवत होते. मग त्याचा आवाज खाली गेला. "या गावी... पाणी अभिमन पाटकरी देतात."

बायकांच्या घोळक्यात बसलेल्या भागीने त्याच्याकडे पाहिलं. खोटं वाचताना त्याची मान खाली गेली होती. हा माणूस माझ्यापायी अख्ख्या जिल्ह्याच्या पोरांना खोटं शिकवणार! तिला ते सोसलं नाही. ती उठून उभी राहिली.

"खोटं शे, नाना. दोन वरीस व्हयनात, पानी मी देस."

आबांनी डोळे मिटले.

"आमले काय दिसत नही का?" नाना म्हणाले. "हातना कांकनले आरसा कसाले?"

"मना वावर पाटना शेवटले शे," म्हातारी मंदाबाई मागून म्हणाली. "तठे पानी पोचाले लागनं ते हाई पोरना हाते."

"पानीनं बरोबर शे," नानांनी मान हलवली. "पन आंडेर म्हनजे परका घरनं धन. आज नेमी, नी उद्या लगीन करीसन चालनी गयी, तर बठ्ठा फड कोना भरवसावर?"

सगळ्यांच्या नजरा भागीकडे वळल्या.

झुलाल उभा राहिला. "नाना, इथल्या शाळेत शिक्षकाची एक जागा रिकामी आहे, तिथे बदली मागून..." तो अडखळला. वही मिटली. "ती कोठे जावाव नही. मीच येस आठे. आबा हो म्हनतीन तर... नी ती हो म्हनी तर."

"घरजावाई!" कोणीतरी ओरडलं आणि पार हशाने दणाणला. झुलालचे कान लाल झाले, पण तो खाली बसला नाही.

नाना हसत म्हणाले, "पहिले ते खोटं वाक्य खोडा, मास्तर. पाटकरीन भागाबाई, असं लिखा."

आबांनी डोळे पुसले. "मना पाय गया, पन डोया शाबूत शेतस. मानूस चांगला शे. पन पोरी, तूच सांग."

आजवर भागीला कोणी असं विचारलं नव्हतं. तिने झुलालकडे नीट पाहिलं. तो पेन्सिल घट्ट धरून उभा होता.

"मी सकायपासून पाटवर ऱ्हासू," ती म्हणाली. "भाकरी टाकता येस का तुमले?"

"नही येत," तो प्रामाणिकपणे म्हणाला. मग घाईघाईने, "शिकी लिसू!"

पहिलं वर्षभर करपलेलंच खावं लागणार, हे भागीला तिथेच कळलं. तिने हो म्हटलं.