सुहाग्याचं पाणी

"हळद सावलीत वाळवजो बाई, उन्हानं तिचा रंग उडते." आईचं हे सांगणं गिरजाबाईंनी जन्मभर पाळलं. आणि आता वैशाली नगरच्या त्यांच्याच गच्चीवर नणंदेची लेक उन्नती हळद माखलेले कागद मुद्दाम उन्हात मांडत होती.

उन्नतीला जुन्या रीतीनं फोटो छापायचा नाद. सेक्टर दहात असे आठ-दहा जण दर रविवारी जमतात. फोटोची पारदर्शक फिल्म हळदीच्या कागदावर ठेवायची, वर काच दाबायची. ऊन पोचेल तिथली हळद उडते, काळ्या भागाखालची राहते, चेहरा उमटतो. वरून सुहाग्याचं, म्हणजे टाकणखाराचं, पाणी फिरवलं की पिवळ्याचं कुंकू होतं.

"नाव तर पाहा, सुहागा," गिरजाबाई हसल्या होत्या.

फोटो त्यांच्या मालकांचा, टिकारामांचा. बारा वर्षांपूर्वी पहिल्या पाळीला निघालेला माणूस प्लांटच्या गेटवर पोचलाच नाही. गेटपासवरचा, काळ्याभोर मिशीचा, एवढासा फोटो उरला. बारा वर्षं भरली म्हणून बुधवारी मुलगा मोहित देहाऐवजी पळसाच्या पानांचा पुतळा बांधून वडलांचं क्रियाकर्म करणार होता. हार घालायला फोटो हवा होता.

सोमवारी छाप निघाला तो पांढऱ्या मिशीचा.

"मामी, ज़्यादा धूप लग गई," उन्नती म्हणाली. "उद्या परत करतो."

मंगळवारी गालही बसलेले. केस मागे सरकलेले. फिल्मवर मात्र तीच काळीभोर मिशी. उन्नतीनं फिल्म दोनदा उजेडाला धरून पाहिली. गिरजाबाईंनी बोटांवर मोजलं. आज असते तर त्रेसष्ट. दिसतही तेवढेच होते.

"मोहित, थांब रे," त्या हळूच म्हणाल्या. "जित्या माणसाचं करून राहिला तू."

"हळदीच्या डागाले बाबा म्हणते? कुरुदचे काका येऊन राहिले उद्या. कावून हसं करते माझं?"

"एक डाव आणखी छापू दे. त्यातही जिते दिसले तर विधी मोडजो. नाही दिसले तर मी स्वतः येऊन बसीन. तोवर पुतळा बांधू नको."

"फोटोत सगळेच जिते दिसते, आई."

"मग मान्य?"

"बरं. वचन."

"माझंही."

बुधवारी सकाळी आठलाच कागद-काचेची चौकट उन्हात गेली. गिरजाबाई शेजारी रोजची माळ जपत बसल्या. साडेअकराला उन्नतीनं चौकटीची मागची फळी अर्धी उघडून पाहिलं. पिवळ्या कागदावर डोळे उघडे होते. म्हातारे, थकलेले, पण उघडे.

"बस, आणखी एक तास," ती म्हणाली.

जिन्यातून मोहितची हाक आली. "आई, चल. बांधला पुतळा."

माळ थांबली. "तुझा शब्द?"

"महाराजले घाई आहे. बांधूनच तर ठेवला, मंत्र कुठं म्हटले अजून?"

गिरजाबाई चौकटीपासून हलल्या नाहीत. तासानं उन्नतीनं कागद काढला. सुहाग्याचं पाणी त्यांनी स्वतः फिरवलं. रंग चढत गेला. कपाळ. मिशी. गळा.

डोळे मिटलेले होते.

नाकपुड्यांपाशी दोन पांढरे ठिपके राहिले. त्यांनी तिथं पुन्हा ब्रश फिरवला. रंग चढेना.

उन्नती वाकली. "मामी... ये रुई है क्या? नाकातला कापूस?"

गिरजाबाईंनी ब्रश धुऊन ठेवला. डोक्यावर पदर घेतला आणि पुतळ्यापाशी बसायला, भिंतीला हात लावत, एकेक पायरी उतरू लागल्या.