शालूबाईचा टाका

सुलतानपुरात अर्जुनरावांच्या घरी एक वाकळ होती. घरातल्या बायकांच्या तीन पिढ्या तिच्याखाली निजल्या, पण घरात ती कधी आली नव्हती. मागच्या अंगणात सरकी साठवायची खोली होती, तिथं तिचा मुक्काम. घरातल्या बाईला बाजूला बसायची वेळ आली की ती त्या खोलीत जायची, आणि बसल्या बसल्या त्या वाकळीला चार टाके घालायची. सासवांनी घातले, सुनांनी घातले, माहेरपणाला आलेल्या लेकींनी घातले. जुन्या लुगड्यांवर नवी लुगडी चढत गेली आणि वाकळ इतकी जाड झाली की सुई आरपार काढताना खस्स असा आवाज येई. विटाळाची वस्तू म्हणून पुरुष तिला शिवत नसत. आणि थंडीत घोंगड्याखाली कुडकुडणाऱ्या त्या पुरुषांना ठाऊकच नव्हतं, की घरातली सगळ्यांत उबदार वस्तू मागच्या अंगणात आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. चैत्र चालू होता. अर्जुनरावांची सून कोकिळा पाण्याचा तांब्या आणि सुई घेऊन त्या खोलीकडं निघाली, नेहमीसारखीच. फक्त एवढंच, की तिच्या पोटाचा घेर भरल्या दिवसांच्या बाईएवढा होता. पोटुशी बाई बाजूला बसायला कशाला जाईल, हा प्रश्न गावातल्या शेंबड्या पोरालाही पडला असता. घरात तो कोणी मोठ्यानं विचारत नव्हतं.

झालं होतं असं. लग्नानंतर सहा वर्षं कूस उजवली नव्हती, आणि दुसरी सून आणायची कुजबुज भावकीत सुरू झाली होती. तेवढ्यात कोकिळाची पाळी चुकली, पोट दिसू लागलं. सासू अन्नपूर्णाबाईनं हौसेनं ओटी भरली, हिरवं लुगडं नेसवलं. आणि मग एक दिवस अंगावर जाऊ लागलं. घरच्यांनी देव पाण्यात घातले, पण पोटातून काही पडलं नाही आणि पोट काही उतरलं नाही. दिवस भरले, उलटून गेले. अंगावरचं जाणं थांबे, पुन्हा सुरू होई, आणि सुरू झालं की आठ-आठ, दहा-दहा दिवस चाले. कोकिळाचे ओठ पांढरे पडले. सुईण गोजरबाईनं पोट चाचपून सांगितलं, "गर्भ रुसून बसला हाये. वेळ आली की हालंल."

इंद्रभान, तिचा नवरा, मनानं सरळ माणूस. "माय, बुलढान्याले बाईडॉक्टर हाये म्हंतेत. घेऊन जातो हिले," असं तो दोनदा म्हणाला. दोन्ही वेळा अन्नपूर्णाबाई उंबऱ्यात आडवी आली.

"भरल्या ओटीनं शीव ओलांडाची नसते! एकदा ओलांडली या घरानं. पाह्यलं ना काय झालं?"

ते 'एकदा' म्हणजे शालूबाई. अन्नपूर्णाबाईची मोठी जाऊ, आणि कोकिळाची सख्खी आत्या. आत्याच्या घरी भाची सून म्हणून आली होती, आपल्याकडं येतात तशीच. कोकिळा परकरातली पोर असताना शालूबाईचं पोट असंच वाढलं, असंच अंगावर गेलं, वर्ष उलटलं तरी बाळंतपण होईना. शेवटी बैलगाडीत घालून मेहकरला न्यायला काढली, तर गावच्या शिवेवर, बाभळीखाली, गाडीतच तिचा जीव गेला. पोटात लेकरू घेऊन मेलेली बाई! ती हडळ होणार, यात कोणाला शंका नव्हती. मसणवाटेपासून घरापर्यंत राळे टाकले, म्हणजे दाणे वेचता वेचता तिनं वाट विसरावी. मागच्या खोलीच्या उंबऱ्यात चार खिळे ठोकले. तिचं नाव घरात घेणं बंद झालं. जिनं त्या घराला दहा वर्षं भाकरी करून घातली, तिनं घरात शिरू नये म्हणून खिळे. माणसं भितात तेव्हा किती निर्दय होतात, हे बघायला लांब जावं लागत नाही.

वाकळीचा एक कोपरा मात्र शालूबाईचा होता. ती लाल दोऱ्यानं शिवायची, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दोऱ्याला उलटा पीळ देऊन दुहेरी गाठ मारायची. तिच्यामागं कोणी लाल दोरा वापरला नाही.

तर त्या दिवशी भर दुपारी कोकिळा खोलीत गेली. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. गुरं सावलीला गप्प, अंगणातला कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसलेला. आत मात्र अंधार, आणि सरकीचा तेलकट, कोंदट वास. खिडकी नव्हतीच, दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ जमिनीवर पडली होती. कोकिळानं वाकळीचं एक टोक मांडीवर घेतलं, दोन टाके घातले, पण हातात त्राण नव्हतं. ती तशीच आडवी झाली.

खस्स.

तिनं डोळे उघडले. सुई तर आपल्या उशाशी आहे... 

खस्स. थोडं थांबून, पुन्हा खस्स.

वाकळीचं दुसरं टोक, अंधारातलं, कोणीतरी मांडीवर घ्यावं तसं उचललं गेलं होतं. आणि उन्हाच्या रेघेतून एक दोरा वर जाई, ताणला जाई, खाली येई. दोरा लाल होता. सरकीच्या वासात आता चंदनाच्या उटण्याचा वास मिसळला. लहानपणी माहेरी आलेल्या आत्याच्या पदराला यायचा, तोच.

कोकिळा सरकत भिंतीला टेकली.

"भेऊ नको, पोरी," अंधारातून कोणीतरी म्हणालं. अगदी हळू. "हात दे."

तिनं दिला नाही. तो घेतला गेला. विहिरीच्या तळच्या पाण्यासारखा गार तळवा तिच्या हातावर आला आणि तिचाच हात तिच्या पोटावर घेऊन गेला.

"इथं दाब... कडक लागते न? गोल. डोकं वाटते."

"हाव..." कोकिळा पुटपुटली.

"डोकं नाही थे. इथं दुसरी हाये, लहान. इथं तिसरी... लेकराले किती डोके असतीन?"

आपल्याच पोटावरून आपलाच हात फिरत होता, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला ते उंचवटे वेगवेगळे लागत होते.

"हाललं का कवा? खरं सांग."

"नाही..."

"माहंही नाही हाललं. एक दिवसही नाही. माह्या पोटात लेकरू नव्हतं, कोकिळे. गाठी होत्या. मी हडळ नाही... कोनाले सांगू?" दोरा थांबला. "लेकरूच नाही, त मंग शीव कोनासाठी? तुह्या सासूले सांग. तिनं माह्या पोटावर हात ठिवला होता अन् म्हने, 'हाललं वं बाई, हाललं!' मले बरं वाटावं म्हून म्हने. तिले माहीत हाये, मले माहीत हाये. तिसऱ्याले नाही."

उन्हाची रेघ सरकली. वाकळीचं टोक खाली पडलं.

कोकिळा भिंतीला धरत धरत अंगणातून आली आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. विटाळाची बाई चुलीपाशी आलेली पाहून अन्नपूर्णाबाई किंचाळणार होती. पण सुनेचा चेहरा पाहून गप्प झाली. कोकिळानं ऐकलेलं सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य ऐकताच अन्नपूर्णाबाईच्या हातातली परात खाली आली आणि सगळ्या घरभर पीठ झालं.

"थे... थे कोनालेच माहीत नाही," ती म्हणाली. "मी माह्या नवऱ्यालेही नाही सांगतलं."

"मामी, माहं बी नाही हालत."

अन्नपूर्णाबाईनं पिठाचे हात सुनेच्या पोटावर ठेवले. या वेळी ती खोटं बोलली नाही. तिचे डोळे भरून आले आणि ती इंद्रभानला हाका मारत सुटली.

गाडी जुंपली. कोकिळाला थंडी वाजत होती, म्हणून इंद्रभान मागच्या खोलीत गेला, वाकळ उचलून आणली आणि तिच्या अंगावर घातली. त्या वाकळीला हात लावणारा तो त्या घरातला पहिला पुरुष. शिवेवरच्या बाभळीखाली बैल थबकले. चाबूक मारला तरी हलेनात, कान टवकारून रस्त्याकडेला बघत राहिले. तिथं कोणीच नव्हतं. अन्नपूर्णाबाई गाडीतून उतरली, बाभळीसमोर उभी राहिली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं ते नाव घेतलं.

"शालूबाई... जाऊ द्या. पोरगी तुमचीच हाये."

बैल आपणहून चालू लागले. मेहकरला त्यांना एसटी मिळाली.

बुलढाण्याच्या डॉक्टर विमलबाईंनी कोकिळाला तपासलं, लाकडी नळी पोटाला लावून बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. "बाळ नाही. गर्भाशयाला गाठी आहेत. मांसाच्या असतात, हळूहळू वाढतात, आणि त्यांनीच एवढं रक्त जातं. कितीतरी बायकांना होतं हे. बाईच्या जातीला असायचंच, म्हणून अंगावर काढतात आणि कोणी विचारतही नाही. तुझ्या माहेरी आणखी कोणाला होतं का गं?"

कोकिळा आणि अन्नपूर्णाबाईंनी एकमेकींकडं पाहिलं.

"आत्याले," कोकिळा म्हणाली.

"मग तुला जपायला हवं होतं. आता ऑपरेशन करावं लागेल. पिशवी राखता आली तर राखीन, वचन देत नाही. आठवडाभर आणखी थांबला असता तर बोलायलाच काही उरलं नसतं."

इंद्रभाननं रक्त दिलं. ऑपरेशन चाललं तेवढा वेळ अन्नपूर्णाबाई ती वाकळ मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसून होती, शालूबाईच्या कोपऱ्यावर हात ठेवून. डॉक्टरीणबाईंनी नंतर तिला आत बोलावलं आणि तसराळ्यात काढलेल्या गाठी दाखवल्या. पांढऱ्या, टणक, एकमेकींना चिकटलेल्या. सगळ्यांत मोठी सोललेल्या नारळाएवढी. सुनेच्या ओटीत आपणच घातलेला नारळ अन्नपूर्णाबाईला आठवला. तिनं पदर तोंडाला लावला.

"याच्यापायी... याच्यापायी खिळे ठोकले आमी तिले," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंना काहीच कळलं नाही.

पिशवी राखली गेली होती. कोकिळा जगली.

टाके काढायच्या दिवशी विमलबाई कात्री-चिमटा घेऊन आल्या. काळ्या रेशमाचे टाके एकेक करत त्यांनी काढले, आणि शेवटाशी येऊन त्यांचा हात थांबला. जखमेच्या अगदी खालच्या टोकाला आणखी एक टाका होता. साध्या सुती दोऱ्याचा. लाल.

"हा कोणी घातला?" त्यांनी नर्सकडं पाहिलं. नर्स पांढरीफटक पडली. "रोज मीच पट्टी बदलते बाई... काल नव्हता."

विमलबाई वाकून बघत राहिल्या. घातलेला मात्र सुरेख होता. कातडी कुठं ओढली नव्हती, कुठं पिकली नव्हती. आणि दोऱ्याला उलटा पीळ देऊन वर दुहेरी गाठ मारली होती. अन्नपूर्णाबाईनं ती गाठ पाहिली आणि दोन्ही हात जोडले. डॉक्टरीणबाईंनी तो टाका कापला. पुढं त्या याविषयी कोणाशी बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर अन्नपूर्णाबाईनं स्वतः पकड घेऊन उंबऱ्यातले खिळे उपसले. मागची खोली फक्त सरकीसाठी राहिली. त्या घरात कोणी सून, कोणी लेक पुन्हा बाजूला बसली नाही. वाकळ माजघरात आली, आणि म्हातारी मरेपर्यंत तीच पांघरून निजली. भावकीनं नाकं मुरडली. म्हातारीनं दाद दिली नाही. कोकिळाला पुढं मुलगी झाली, रुख्मिणी. शालूबाईचा टाका त्यानंतर कोणाला दिसला नाही, म्हणून सगळे धरून चालले की तिचं मन शांत झालं.

रुख्मिणीचं लग्न ठरलं त्या वर्षीची गोष्ट. चैत्रच होता. भर दुपारी कोकिळा ओसरीवर वाती वळत बसली होती. रुख्मिणी माजघरात वाकळीवर लवंडली होती, ती डोळे चोळत बाहेर आली.

"माय, सुई दे न."

"कायले?"

"मले नाही. त्या बाईले पाह्यजे."

कोकिळाचे हात थांबले. "कोन्या बाईले?"

"मले काय माहीत? माह्या पोटावर हात ठिवून बसली होती, लय वेळ. हात असा गारगार... अन् म्हने, 'तुह्या मायले सांग, शीव ओलांड.' म्हंजे काय वं, माय?"

कोकिळानं लेकीला जवळ ओढलं आणि तिच्या पोटावर हात ठेवून, इतक्या वर्षांपूर्वी शिकवलं होतं तसं, हळूहळू दाबून पाहिलं. मग तशीच उठली, पेटीतून गावाला जायचं लुगडं काढलं, आणि वाड्यात गुरांना पाणी पाजणाऱ्या इंद्रभानला हाक मारून विचारलं, बुलढाण्याची गाडी कधी आहे.

लेकीचा हात धरून ती ओसरीच्या पायऱ्या उतरली, तेव्हा मागं रिकाम्या माजघरातून आवाज येत होता. खस्स. थोडं थांबून, पुन्हा खस्स. सुई तर कोणी दिली नव्हती.