कोरा बिल्ला

नव्या कंपनीने पाठवलेला साहेब पहिल्याच दिवशी खिशातून फीत काढून टेबलं मोजायला लागला, आणि दुपारच्या चहापर्यंत त्याचं नाव मोजपट्टी पडलं. माणूस तसा वाईट नव्हता. "माफ करा हं, पाय जरा बाजूला," असं म्हणून मोजायचा. पण ज्याचं टेबल मोजलं जाई, त्याला त्या दिवशी डबा गोड लागत नसे.

संपादकबाईंचं टेबल मात्र त्याने मोजलं नाही. तिला त्याने काम दिलं. संपादकबाई हे ऑफिसातलं नाव, कारण कंपनीचं चार पानी मासिक ती एकटीच काढायची. घरी नवरा नुसतं 'संपादक' म्हणायचा, तेही चेष्टेने. तो कंपनीच्या शेवटच्या चालू रिगवर, म्हणजे वायूची विहीर खणणाऱ्या यंत्रावर, मुख्य ड्रिलर होता.

"हस्तांतराच्या समारंभात वाटायला कंपनीचा इतिहास हवाय," मोजपट्टी म्हणाला. "मजकूर थोडा, फोटो जास्त."

"म्हणजे मृत्युलेखच की."

"आम्ही त्याला वारसा म्हणतो," तो गंभीरपणे म्हणाला.

इतिहास लिहायला अवघड नव्हता. थोरल्या साहेबांनी भंगारातून जुळवलेल्या रिगवर पहिली विहीर खणली, ती कोरडी. दुसरीही कोरडी. तिसरीला वायू लागला आणि त्याच संध्याकाळी कंपनीला नाव मिळालं. मग मुलगे आले, मुलग्यांची भांडणं आली, भांडणांतून शेअर बाजारात आले, आणि एका सकाळी पेपर उघडल्यावर कळलं की निम्म्याहून जास्त कंपनी आता भलत्याच कुणाची तरी आहे. हे सगळं तिने दोन पानांत बसवलं. गाडी अडली ती एका फोटोपाशी.

फोटो पहिल्या विहिरीचा होता. मागे हजेरीची फळी. ही फळी कंपनीत अजून होती. रिग जिथे जाई तिथे गेटवर लागे. रिगवर चढणाऱ्याने आपला पितळी बिल्ला तिच्यावर अडकवायचा, उतरताना स्वतःच्या हाताने काढून न्यायचा. बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस आत आहे. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कुणी हात लावत नसे. बाप लेकाच्या लावत नसे, मालक नोकराच्या लावत नसे. आणि फळीच्या अगदी खालच्या खिळ्यावर एक बिल्ला होता, त्यावर नाव नव्हतं, नंबर नव्हता. तो कधीच कुणी काढत नसे. विहीर बंद करायची वेळ आली की ड्रिलर फळीसमोर उभा राहून मोठ्याने म्हणायचा, "कोरा सोडून सगळे वर." मगच विहिरीत सिमेंट सोडायचं.

फोटोत बाकीचे बिल्ले नवे, लख्ख होते. पहिलीच विहीर, पहिलीच फळी. तो एकटाच काळा पडलेला होता.

तिने नवऱ्याला फोनवर विचारलं, "अहो, तो बिल्ला आहे तरी कुणाचा?"

"नाही माहीत."

"मग ठेवलाय कशाला?"

"ठेवायचा म्हणून ठेवतात," तो म्हणाला. "संपादक, सगळ्याच गोष्टी छापायच्या नसतात."

फोटो काढायला ती रिगवर गेली ती भर दुपारी. दूरवर नवरा लोखंडी चौथऱ्यावर उभा होता, पाइप खाली सोडताना त्याचा आवाज इथवर आला, "चालू दे!" त्या दोन शब्दांवर अख्खी रिग हलायची. लग्नानंतर तो तिला पहिल्यांदा इथे घेऊन आला होता, तेव्हा त्याने खोलातून नुकताच वर काढलेला दगड तिच्या तळहातावर ठेवला होता. दगड कोमट होता, तापातल्या मुलाच्या कपाळासारखा. "खाली असंच असतं," तो म्हणाला होता.

गेटवाल्याने तिला फळी दाखवली. "हात नका लावू हं, वहिनी," म्हणाला आणि एका ट्रकची कागदं बघायला गेला.

तिने दोन-चार फोटो काढले. मग वाटलं, मागच्या बाजूला काही खोदलेलं असेल. तिने कोरा बिल्ला खिळ्यावरून काढला.

मागे काही नव्हतं. दुपारच्या उन्हात फळी तापली होती, बाकीचे बिल्ले तापले होते, हा मात्र माठाच्या बुडासारखा गार होता. ती तो परत अडकवणार, तेवढ्यात मोजपट्टी आला.

"छान! हा आपण समारंभात काचेच्या पेटीत ठेवू. उद्यापासून गेटवर माणसं मशीन मोजणार आहे. ही फळीही जाणारच."

तिने एकदा चौथऱ्याकडे पाहिलं. मग बिल्ला मोजपट्टीच्या हातात दिला. त्याने तो रुमालात गुंडाळला, ऑफिसात नेऊन कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "गेटवाला म्हणतो, कोरा जागेवर नाही. तू काढलास?"

"फोटोसाठी," ती म्हणाली.

"परत लावलास ना?"

"हो. लावला."

खोटं इतक्या सहज तोंडून निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

"बघतो जाऊन," तो म्हणाला. "उद्या विहीर बंद करतोय. संपलं की घरी येतो. कायमचा."

नव्या कंपनीला ड्रिलर नको होते. त्याच्या कंबरेचा विचार करून तिने उंच पाठीची खुर्ची आणून ठेवली होती. वीस-बावीस वर्षं ती त्याच्या दारावरच्या थापेची वाट बघत आली होती. तो बेल कधीच वाजवत नसे. दोनदा ठोकायचा, जरा थांबायचा, मग एकदा. रिगवर पाइप ठोकून खुणा करायची सवय ती, घरातही सुटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली.

तो दारात उभा होता. हातात पिशवी, डोक्यावर टोपी. "आलो," म्हणाला.

"बेल कधीपासून वाजवायला लागलात?"

तो हसला. हसू त्याचंच होतं. आत आला, बूट काढून भिंतीशी जोडीने लावले. एरवी ते दाराच्या मधोमध पडायचे आणि त्यावरून निदान दहा मिनिटं वाद व्हायचा. आज वादाला जागाच नव्हती. ती उगाच रागावल्यासारखी झाली.

"पाणी दे, अगं."

तिने तांब्या दिला. तो एका दमात प्यायला. आणखी मागितलं. मग आणखी. माठातलं पाणी संपलं तेव्हा म्हणाला, "अंघोळ करतो," आणि आत गेला. न्हाणीघर कुठलं, हे बघायला तो क्षणभर बोळात थांबला.

थकलाय, तिने स्वतःला सांगितलं. इतक्या वर्षांचं काम संपलं, माणूस गांगरेलच.

तिने बूट बाहेर ठेवायला उचलले. ते जड लागले. बाहेरून कोरडे होते. चिखल आत होता, काठोकाठ, आणि कोमट होता.

फोन वाजला.

"वहिनी, गेटवरून बोलतोय. दादा आहेत तिकडे?"

"आत्ताच आले. का?"

"नाही, मग ठीक आहे." गेटवाल्याने सुस्कारा सोडला. "दादांचा बिल्ला इथे फळीवर राहिलाय, म्हणून जीव धास्तावला. दुपारी विहिरीच्या तोंडाशी खड्ड्यात उतरले होते, कोरा जागेवर नाही, एकदा शेवटचं बघून येतो म्हणाले. पण मशीन म्हणतं जितके आत गेले तितके बाहेर आले. मोजपट्टीसाहेब म्हणतात मशीन बरोबर, फळी जुनी. खड्ड्यावर झाकण बसलंय. आता सिमेंट सोडायचंय."

बिल्ला राहिलाय. तो विसरणारा माणूस नव्हता. घरी आला की सगळ्यात आधी दारामागच्या खिळ्यावर बिल्ला अडकवायचा.

तिने दारामागे पाहिलं.

खिळ्यावर बिल्ला होता. काळा. त्यावर नाव नव्हतं.

तिने बोट लावलं. तो आता गार नव्हता.

"वहिनी? आहात ना?"

"थांब," ती म्हणाली. "तिथे... काही ऐकू येतंय का?"

"झाकणाखाली जरा वाजतंय. पाइप निवत असतील." त्याने फोन बाहेर धरला असावा. वारा आला. मग लोखंडावर लोखंड.

दोनदा.

जरा थांबून, एकदा.

आत न्हाणीघरातलं पाणी बंद झालं.

"सिमेंट थांबव," ती म्हणाली, पण ते ओठांतच राहिलं. मागे पावलं वाजली नव्हती. तरी तिच्या खांद्यावरून एक हात पुढे आला आणि त्याने तिच्या मुठीतून फोन हळूच सोडवून घेतला. हात कोरडा होता. तापातल्या मुलाच्या कपाळासारखा कोमट.

"कोरा सोडून सगळे वर," तो फोनमध्ये म्हणाला. आवाज तंतोतंत तोच. "चालू दे."

"बरं, दादा," गेटवाला म्हणाला.

मग पंप सुरू झाला. त्याच्या घरघरीखाली एकदा ऐकू आले, दोन ठोके. ती तिसऱ्याची वाट बघत उभी राहिली.