नखाच्या कडेवरचा तेलाचा थेंब

माझ्या बायकोची, मंगलची, बोटं गारठ्यात आधी पांढरी पडायची, मग निळी. तिच्या थोरल्या बहिणीचं, सगुणाबाईंचं, असंच सुरू झालं होतं. त्या डॉक्टरकडे गेल्याच नाहीत. बधिर बोटं चुलीच्या कडेवर शेकत राहिल्या, भाजली तरी कळायचं नाही. पुढं कातडी ताठरली, श्वास आखडला. मागच्या पौषात त्या गेल्या.

म्हणून वेल्ह्यात तपासणी शिबिर आहे असं कळताच मी मंगलला पालीहून घेऊन गेलो.

शाळेची खोली. बाहेर धुकं. दुर्बिणीला जोडलेल्या पडद्यावर नीट दिसावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी खिडक्या लावून घेतल्या. आत ओल्या घोंगड्यांचा वास कोंडला होता.

"नखाच्या कडेला तेलाचा थेंब लावते, मावशी. मग दुर्बिणीतून कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात."

"नखात बगून रोग सांगता? मग आमच्या दिराचं लगीन कदी, त्येबी बगा," मंगल म्हणाली.

पडद्यावर केसांतल्या आकड्यांसारख्या लाल रेषा उमटल्या. काही फुगलेल्या, मधूनच मोकळी जागा. दोन्ही हातांना तसंच.

"आजाराची सुरुवात आहे. पण वेळेत आलात."

मी सुटकेचा श्वास सोडला. डॉक्टरीणबाईंची नजर पडद्यावरच होती.

"थांबा, हे एक बोट राहिलं..."

आता रेषा जवळजवळ नव्हत्याच. होत्या त्यांत रक्त हलत नव्हतं. नखाशी भाजल्याचा जुना डाग.

"यात काहीच वाहत नाहीये... आधी का नाही आलात? किती गार आहे हात..."

"बाई..." मंगलचा आवाज खाली गेला. "माजे दोनी हात शालीत हायेत."

दुर्बिणीच्या दिव्याखाली नुसतं टेबलाचं कापड होतं, त्यावर तेलाचा थेंब. डॉक्टरीणबाईंची मूठ मात्र काहीतरी धरल्यासारखी अर्धी मिटलेली होती.

औषध सुरू झालं. शेकायचं नाही, लोकरीचे हातमोजे घालायचे, असं बजावलं होतं. मंगल चुलीकडं फिरकत नव्हती. तरी रोज सकाळी चुलीच्या कडेवर तेलकट बोटांचे ठसे दिसायचे. मी पुसायला गेलो की ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. आक्काला गारठा सोसत न्हाई."

काल मी चूल मोडून टाकली.

आज पहाटे मंगलनं मला हलवून उठवलं. हातमोजा अर्धाच चढला होता.

"अवो... ह्यात माज्या बोटांस्नी जागाच न्हाई... आत लई गार हाय."